सुचल्याची नोंद

मंगळवारी सकाळी अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी केतकी वाघचौरेला ती गोष्ट सुचली, आणि आनंद व्हायच्या आधीच तिनं घड्याळाकडे पाहिलं.

‘चित्रनाद मल्टिमीडिया’च्या नाशिकच्या ऑफिसात तेव्हा बैठक चालू होती. विषय होता गोदावरीच्या पुराच्या दालनाचा. संग्रहालयाच्या भिंतीवर पाणी चढत जाणार, घाटावरची देवळं बुडत जाणार, आणि पाणी कुठवर आलं ते सांगणारा आवाज बघणाऱ्याच्या कानाशी येणार. तो आवाज कसा असावा यावर सहा जण तावातावानं बोलत होते. दालनाचं काम बघणारा राजस कर्णिक म्हणाला, "नुसती माहिती नको. दवंडीला असतो तसा काहीतरी ठेका हवा." केतकी खिडकीबाहेर बघत होती. ‘ठेका’ हा शब्द कानावर पडला, डोळ्यांपुढचं सगळं क्षणभर विझल्यासारखं झालं, आणि मग लख्खकन तिला उमगलं, वाचा गेलेल्या वडिलांना, अण्णांना बोलतं कसं करायचं.

कानामागची पट्टी हलकेच थरथरली. टेबलावरच्या फोनवर अक्षरं उमटली: ‘अभिनंदन. निर्मितीक्षण नोंदला. ११.४१. उकलपत्र चोवीस तासांत भरावे.’

"अरे वा!" राजसनं वाकून तिच्या फोनकडे पाहिलं. "काय सुचलं? सांग की."

"अजून नीट हाताला लागत नाहीये," केतकी म्हणाली. "उद्या सांगते."

इतक्या वर्षांत ऑफिसात ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती. त्यानंतरची सगळी बैठक ती बूट घट्ट झाल्यासारखी पाय हलवत बसून राहिली.

ही निर्मितीक्षणाची भानगड साधीच होती. माणसाला एखादी गोष्ट हळूहळू, हिशेबानं उलगडते तेव्हा मेंदूत काही विशेष दिसत नाही. पण एखादी गोष्ट अचानक सुचते तेव्हा उजव्या कानाच्या जरा वर, अतिशय जलद लहरींचा एक झटका उमटतो. त्याच्या किंचित आधी मेंदू डोळे मिटल्यासारखा बाहेरचं जग बंद करतो, आणि मग आत वीज चमकते. गंमत म्हणजे ही वीज माणसाला स्वतःला कळायच्याही अर्धा-पाव सेकंद आधी चमकलेली असते. शास्त्रज्ञांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं, पण ते मोजायचं तर डोक्याला तारांचं जाळं बांधून अंधाऱ्या खोलीत बसावं लागे. दोन हजार पस्तीसच्या सुमारास तांदळाच्या दाण्याएवढे संवेदक निघाले आणि तीच मोजणी कानामागच्या एका पट्टीत मावली. पट्टीला विचार वाचता येत नसत. काय सुचलं ते तिला कळत नसे; ते माणसानं उकलपत्रात लिहून द्यायचं. कधी सुचलं एवढंच ती सांगे, पण ते अगदी सेकंदाच्या हिशेबात.

आणि कंपन्यांच्या करारांना तेवढं पुरेसं होतं.

चित्र, ध्वनी, हलती दृश्यं जुळवून कामं करणाऱ्या लोकांची आणि कंपन्यांची भांडणं त्याआधी वर्षानुवर्षं एकाच मुद्द्यावर अडत. हे कोणाला सुचलं? ऑफिसात सुचलं की घरी? केतकीला तर त्याचा चटका बसला होता. सत्ताविशीत तिनं एका तारांगणासाठी आंधळ्या माणसालाही आकाश ‘दिसेल’ अशी ध्वनीची रचना मांडली होती. उद्घाटनाच्या दिवशी फलकावर नाव लागलं तिच्या वरिष्ठाचं. करारात कल्पनेबद्दल एक अक्षर नव्हतं. ती टाळ्या वाजवत उभी राहिली, आणि घरी येऊन तिनं कोणाला काही सांगितलं नाही.

म्हणून पट्टी आली तेव्हा मल्टिमीडिया निर्मात्यांच्या संघटनेत सगळ्यात आधी हात वर केला तो केतकीनं. नमुना करारातलं कलम नऊ तिनंच लिहिलं. प्रत्येक निर्मितीक्षणाची नोंद होईल. ज्याच्या डोक्यात वीज चमकली त्याचं नाव कामाला लागेल. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळात जे सुचेल ते कंपनीचं, आणि उरलेल्या वेळात, रविवारी, सणावारी जे सुचेल ते निर्मात्याचं. कंपन्यांनी शेवटच्या बैठकीत तीन शब्द घालायला लावले: ‘विषय कोणताही असो’. रविवार मिळवायच्या नादात केतकीनं ते मान्य केले. त्या दिवशी तिच्या लोकांनी पेढे वाटले होते.

पण माणसाचं डोकं काही पंचिंग कार्ड दाखवून आत-बाहेर करत नाही. सहा महिन्यांत लोकांच्या ध्यानात आलं, की घरी आठवडाभर घोळवलेली गोष्ट नेमकी ऑफिसच्या लिफ्टमध्ये सुचते. मग लोक स्वतःला आवरायला लागले. कोणी मनातल्या मनात पाढे म्हणे, कोणी बैठकीत जपाची माळ ओढी. स्वतःचं काही घडवायचं असेल तर ते रविवारसाठी साठवून ठेवायचं. कंपन्याही काही दुधखुळ्या नव्हत्या. ‘चित्रनाद’मध्ये रोज साडेअकराला चहासोबत ‘घरच्या गप्पा’ सुरू झाल्या. गप्पांनंतरच्या तासाभरात पट्ट्या जास्त थरथरतात, हे कोणीतरी मोजलं होतं.

केतकीची तर झोपच चाळवली होती. रविवारी ती घरात असून नसल्यासारखी असे. काहीतरी सुचायलाच हवं, आजच सुचायला हवं, म्हणून वही घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत राही.

घरी ती आणि अण्णा, दोघंच. यशवंत वाघचौरे, वय बहात्तर. एकतीस वर्षं नाशिकच्या एसटी स्टँडवर उद्घोषक होते. सकाळी सहाची सटाणा असो की दुपारची त्र्यंबक, गाडी कुठल्या फलाटावर लागली ते जिल्ह्यानं त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात-पाय महिनाभरात सावरले, पण वाचा गेली. समोरचा काय बोलतो ते सगळं कळे. मनात शब्दही असत. ओठांवर मात्र ‘अरे’ आणि ‘हो’ एवढेच येत. पाणी हवं असलं तरी ‘अरे’, पंखा बंद करायचा असला तरी ‘अरे’. वाचा-उपचार करणारी तबस्सुम शेख आठवड्यातून तीनदा यायची, अण्णांच्या डोक्याला संवेदकांची टोपी घालायची आणि चित्रं दाखवून शब्द घोटून घ्यायची. तीन महिन्यांत ‘कप’ एवढा एक शब्द आला होता, तोही अर्धा.

त्या मंगळवारी केतकी सहाच्या ठोक्याला निघाली ती थेट घरी. चपला दारात फेकून ती अण्णांपुढे बसली.

"अण्णा, माझ्यामागून म्हणा. नीट म्हणायचं नाही. स्टँडवर म्हणायचात तसं म्हणायचं." आणि तिनं नाकात, एका सुरात, शेवटचं अक्षर लांबवत सुरुवात केली, "सटाण्याकडे जाणारी गाडी... फलाट क्रमांक चारवर... लागलेली आहेऽ."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, काहीतरी वेगळंच होतं. त्याचा अर्थ तिला त्या दिवशी लागला नाही. त्यांनी छाती भरून घेतली आणि अख्खं वाक्य, एक अक्षर न गाळता, म्हणून दाखवलं.

बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं आणि तीच बाजू अण्णांची निकामी झाली होती. पण सूर, ठेका, हजारो वेळा घोटलेली वाक्यं यांची मुळं उजवीकडेही पसरलेली असतात. बोलता न येणारे लोक आरती बिनचूक म्हणतात ते त्यामुळे. केतकीनं त्याच्या पुढचा विचार केला होता. ठेका जुना ठेवायचा आणि शब्द नवे बसवायचे. तिनं प्रोजेक्टरनं भिंतीवर स्टँडचा जुना फलक उभा केला, गाडीच्या जागी पाण्याचा तांब्या काढला आणि ठेका धरला.

"यशवंत वाघचौरे यांना..." अण्णा म्हणाले. घाम फुटला होता, पण ते थांबले नाहीत. "पाणी... पाहिजे आहेऽ."

केतकीनं धावत जाऊन पाण्याचा तांब्या आणला.

दुसऱ्या दिवशी तिनं उकलपत्रात लिहिलं: ‘पुराच्या दालनासाठी दवंडीचा ठेका.’ दोनदा खोडावंसं वाटलं. पण पाठवून दिलं.

पुढचे सहा आठवडे ती रोज संध्याकाळी नवी चित्रं, नवे ठेके तयार करत राहिली. अण्णा बोलू लागले. बोलणं सगळं उद्घोषणेच्या थाटाचं, पण बोलणं. ‘भाजीत मीठ... कमी असल्याचे... आढळून आले आहेऽ.’ तबस्सुम तर हरखूनच गेली. तिच्याकडे असेच चौदा रुग्ण होते. त्यांच्यातल्या एका कीर्तनकाराला कीर्तनाचा ठेका दिला, लिलाव पुकारणाऱ्या एका दलालाला बाजार समितीचा दिला, आणि दोघंही बोलू लागले. तिनं अण्णांचा व्हिडिओ आपल्या उपचारकांच्या गटात टाकला. हे कसं सुचलं ते केतकीनं त्यात भरभरून सांगितलं होतं. आठवड्याभरात तो सगळीकडे फिरला आणि फिरत फिरत ‘चित्रनाद’मध्ये पोचला.

करार विभागाच्या शेफाली बर्वेनं केतकीला बोलावलं. दोघी संघटनेच्या जुन्या दिवसांपासून एकमेकींना ओळखत होत्या, समोरासमोर बसून भांडल्याही होत्या. शेफालीनं दार लावून घेतलं.

"तुझे बाबा बोलायला लागले याचा मला खरंच आनंद झालाय," ती म्हणाली. "पण व्हिडिओत तूच म्हणतेस, हे मला मंगळवारी ऑफिसात सुचलं. अकरा एक्केचाळीस. आणि उकलपत्रात दवंडी."

"ते माझ्या वडिलांसाठी होतं, शेफाली."

"विषय कोणताही असो," शेफाली हळूच म्हणाली. "कलम तुझं आहे, आणि हे शब्दही तूच मान्य केले होतेस."

शेफालीनं कागद पुढे सरकवले. खोट्या उकलपत्राबद्दल कंपनी डोळेझाक करायला तयार होती. पद्धतीवर मालकी कंपनीची, पण तिला ‘वाघचौरे पद्धत’ असं नाव देणार. विभागाची प्रमुख केतकी. नाव आणि काम, दोन्ही तिचं. मात्र उत्पादन बाजारात येईपर्यंत, म्हणजे वर्ष-दीड वर्ष, ती पद्धत बाहेर कोणी वापरायची नाही. तबस्सुमनंही नाही. आणि अण्णांच्या आवाजाची सगळी ध्वनिमुद्रणं कंपनीकडे द्यायची.

"आणि ते चौदा रुग्ण? आत्ता कुठे बोलायला लागलेत ते."

"दीड वर्षानं त्यांना जास्त चांगलं काहीतरी मिळेल."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर लवादापुढे. नोंद स्पष्ट आहे, केतकी. तू हरशील."

केतकी कागद घेऊन घरी आली. तिनं ते टेबलावर ठेवले, उचलले, परत ठेवले. आयुष्यभर जे हवं होतं ते त्या कागदावर होतं. कामाला आपलं नाव. आणि त्याच कागदाखाली चौदा माणसांची तोंडं दाबली जाणार होती.

अण्णा खुर्चीतून तिची येरझार बघत होते. शेवटी त्यांनी हात वर केला.

"केतकी वाघचौरे यांनी... ताबडतोब... काय झालेऽ?"

तिनं सगळं सांगितलं. पट्टी, अकरा एक्केचाळीस, कलम नऊ, शेफालीचे कागद. सांगताना तिला वाटलं, अण्णांच्या डोळ्यांत पाणी येईल. पण त्यांचा चेहरा लाल झाला.

"सदर कल्पना..." ते म्हणाले, "केतकी वाघचौरे यांची... नाहीऽ."

"म्हणजे?"

"माझी."

हा एक शब्द ठेक्याशिवाय आला होता. मग त्यांनी पुन्हा ठेका धरला आणि तुकड्यातुकड्यानं, मधेच थांबत, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून, अर्धा तास खर्चून सांगितलं. दिवाळीनंतर आंघोळीच्या वेळी त्यांच्या तोंडातून आपोआप ‘फलाट क्रमांक चार’ निघालं होतं. मग ते रोज नळ मोठा सोडून म्हणून बघायचे. आणि एका रविवारी, तबस्सुम समोर चित्रं धरून बसली असताना, त्यांच्या लक्षात आलं की याच चालीत दुसरे शब्द घालता येतील. जेवताना त्यांनी केतकीला ते दाखवायचा प्रयत्न केला होता. घाईत शब्द जुळेनात, म्हणून टेबलावर ठेका धरून नुसता सूर लावला होता.

केतकीला तो रविवार आठवला. ती वही उघडून बसली होती. सकाळपासून काही सुचत नव्हतं. अण्णा टेबल वाजवत होते, हुंकारत होते, आणि तिनं मान वर न करता म्हटलं होतं, ‘अण्णा, थोडा वेळ गप्प बसा ना.’

बोलता न येणाऱ्या माणसाला ती गप्प बस म्हणाली होती.

तरी तिचं मन एकदम कबूल होईना. मला वाचवायला अण्णा खोटं बोलताहेत, असं तिला वाटलं. आणि त्याहून खोल कुठेतरी, हेही माझं नाही तर माझं काय, असं काहीतरी टोचलं. तिनं तबस्सुमला फोन केला. तबस्सुमनं टोपीच्या जुन्या नोंदी काढल्या. तिची टोपी वाचेसाठी होती, निर्मितीक्षण वगैरे ती बघतच नसे. पण लहरी सगळ्याच साठवलेल्या होत्या.

"ताई, अठरा जानेवारी, रविवार," ती म्हणाली. "दहा वाजून सात मिनिटं. इथे एवढा मोठा झटका दिसतोय. मी तेव्हा शेरा लिहिलाय बघा, ‘काका अचानक हसले, कारण कळले नाही.’"

केतकीचा मंगळवार होता वीस तारखेचा.

केतकीनं सही केली नाही, आणि कंपनी लवादाकडे गेली. लवाद म्हणून एक निवृत्त न्यायाधीशबाई होत्या. सुनावणी एका दुपारी आटोपली. कंपनीच्या वकिलांनी सरळ मुद्दा धरला. म्हाताऱ्या गृहस्थांच्या मेंदूत रविवारी वीज चमकली असेल, पण ती कशाबद्दल, हे कोण सांगणार? उलट केतकीबाईंची नोंद करारानुसार आहे, आणि ही कल्पना मला सुचली असं त्या व्हिडिओत स्वतः म्हणतात.

"बाई," न्यायाधीशांनी केतकीला विचारलं, "मंगळवारी तुमच्या डोक्यात चमकलं ते काय होतं?"

केतकी उभी राहिली. मागच्या बाकांवर तिच्या संघटनेचे लोक बसले होते. यांच्याचसमोर एकदा ती टेबलावर मूठ आपटून म्हणाली होती, ज्याला सुचलं त्याचं नाव लागलंच पाहिजे.

"माझ्या वडिलांनी दोन दिवस आधी मला काहीतरी दाखवलं होतं," ती म्हणाली. "मी ऐकून घेतलं नाही. पण ते कानात राहिलं होतं. मंगळवारी ठेका हा शब्द ऐकला आणि ते काय सांगत होते ते मला कळलं. मला सुचलं नाही. मला कळलं."

"पण पट्टीनं निर्मितीक्षण नोंदला आहे," वकील म्हणाले.

"पट्टीला फरक कळत नाही. एखादा विनोद समजला तरी तशीच वीज चमकते. दुसऱ्याचं म्हणणं डोक्यात उतरलं तरी तशीच. सुचणं आणि समजणं मेंदूत सारखंच दिसतं. कलम लिहिताना मला हे ठाऊक असायला हवं होतं. मी विचारलंच नाही कोणाला."

खोलीत चुळबुळ झाली. मागे बसलेल्या प्रत्येकाच्या नावावर दहा-वीस निर्मितीक्षण होते. त्यातले किती स्वतःचे आणि किती शेजारच्याचं ऐकून कळलेले, हा प्रश्न आता ज्याच्या त्याच्या मानेवर येऊन बसला. राजस कर्णिक आपल्या कानामागची पट्टी चाचपत होता.

न्यायाधीशबाईंनी पट्टी तयार करणाऱ्या प्रयोगशाळेच्या तज्ज्ञाला विचारलं. सुचणं आणि समजणं वेगळं सांगता येईल का? तज्ज्ञानं ‘आज तरी नाही’ असं उत्तर दिलं.

निकाल दहा दिवसांनी आला. पद्धत यशवंत वाघचौरे यांची. ते कोणाशीही करारबद्ध नाहीत, सबब कंपनीचा दावा फेटाळला. केतकीनं मात्र खोटं उकलपत्र भरलं होतं, त्यामुळे तिला काढून टाकायचा कंपनीचा हक्क मान्य झाला. ‘चित्रनाद’नं तो त्याच दिवशी बजावला. तिनं कानामागची पट्टी काढून टेबलावर ठेवली. कातडीवर पांढरा पट्टा उमटला होता.

तबस्सुमचे रुग्ण बोलत राहिले. केतकी घरी बसून त्यांच्यासाठी ठेके आणि चित्रं जुळवू लागली. पण तिचं चित्त थाऱ्यावर येईना. जे काही सुचे त्यावर तिचा विश्वास बसेना. हे माझं, की कुठेतरी ऐकलेलं?

तीन आठवड्यांनी एका दुपारी शेफाली दारात उभी राहिली. हातात फळांची करंडी आणि एक फाइल. "मी काकांना भेटायला आलेय," ती म्हणाली.

कंपनीला यशवंत वाघचौरे यांच्याशी करार करायचा होता. सल्लागार निर्माता म्हणून. अण्णा ताठ बसले. त्यांचे डोळे चमकले ते केतकीनं पाहिलं. निवृत्तीनंतर बारा वर्षांत त्यांना कोणी कामाला बोलावलं नव्हतं. ‘नाही’ हा शब्द केतकीच्या अगदी जिभेवर आला. मग तिला वाटलं, अण्णांच्या वतीनं मी नाही म्हटलं, तर माझ्यात आणि यांच्यात फरक काय राहिला? ती चहा टाकायला आत गेली.

अण्णांनी चष्मा लावला आणि करार वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. पहिल्या पानापासून, एकही स्वल्पविराम न गाळता, स्टँडवरच्या सुरात. शेफालीचा चहा निवला. पंख्याखाली बसून ती अर्धा तास आपल्याच कंपनीची वाक्यं ऐकत राहिली. नवव्या कलमापाशी अण्णा थांबले. कलम आता लांबलं होतं. पट्टी निर्मात्यानं घालायचीच, शिवाय त्याच्या घरात राहणाऱ्या सगळ्या कुटुंबीयांनीही घालायची, म्हणजे सुचणं आणि समजणं यांचा उगम शोधता येईल.

"हे..." अण्णांनी केतकीकडे पाहिलं. "कोणी... लिहिलेऽ?"

"पहिलं मी लिहिलं होतं. हे वाढवलेलं त्यांचं."

"का?"

मग केतकीनं तारांगणाची गोष्ट सांगितली. उद्घाटनाचा दिवस, फलक, दुसऱ्याचं नाव, आणि तिच्या टाळ्या. शेफालीसमोरच सांगितली. इतकी वर्षं वडिलांना न सांगितलेली गोष्ट चार वाक्यांत संपली. अण्णा ऐकत राहिले. मधे त्यांनी फक्त एकदा तिच्या मनगटावर हात ठेवला.

मग त्यांनी पेन उचललं आणि कलम नऊवर आडवी रेघ मारली.

"काका, असं नाही करता येत," शेफाली म्हणाली. "त्या कलमाशिवाय कंपनी सही नाही करणार."

"एकतीस वर्षे..." अण्णा म्हणाले. दमानं, शब्द वेचत. "दुसऱ्याने लिहिलेले... वाचले. एकही अक्षर... बदलले नाही. आज... बदलले आहेऽ."

शेफालीनं फाइल मिटली. जिना उतरताना ती केतकीला म्हणाली, "माझ्या घरातही पट्ट्या येतील अशानं. माझा नवरा तुमच्याच धंद्यातला आहे, विसरलीस?" तिच्या आवाजात राग नव्हता, धास्ती होती.

त्या निकालानंतर सगळ्याच कंपन्यांत कलम नऊवर खटके उडू लागले, आणि संघटनेनं केतकीला परत बोलावलं. नवं कलम लिही म्हणाले. तिनं तीन पानं लिहिली. ‘सहनिर्मिती’, ‘पूर्वश्रवण’, ‘उगमाची साखळी’. प्रत्येक पळवाट बुजवत गेली आणि बुजवता बुजवता नव्या काढत गेली. शेवटी कंटाळून तिनं ती पानं अण्णांपुढे टाकली. "वाचा. कुठे अडखळता ते मला बघायचंय."

अण्णा पहिल्याच वाक्यात अडखळले. तिनं ते छोटं केलं. दुसऱ्यात श्वास पुरेना, तेही तोडलं. जे त्यांच्या ठेक्यात बसेना ते गळत गेलं. दिवेलागणीपर्यंत तीन पानांचं एक पान झालं, एका पानाच्या चार ओळी, आणि चार ओळींची एक ओळ. अण्णा दमले होते आणि केतकीचा घसा बसला होता, तरी दोघांपैकी कोणी उठेना.

संघटनेच्या सभेत तिनं ते वाचून दाखवलं तेव्हा वकील म्हणाले, ही काय करारात घालायची भाषा झाली? तासभर आरडाओरडा झाला. ज्यांच्या नावावर जास्त निर्मितीक्षण होते ते विरोधात गेले. राजस कर्णिक दोनदा उभा राहिला, दोनदा बसला, आणि हात वर करायच्या वेळी त्यानं केला. ठराव सहा मतांच्या फरकानं मंजूर झाला.

नव्या नमुना करारात कलम नऊ आता एका ओळीचं आहे. पट्टी, वेळ, नोंद यातलं काही त्यात नाही.

‘काम कंपनीचे, डोके ज्याचे त्याचे.’